मोटारीच्या डोळ्यातील फूल

रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या मोटारी समोरून पाहात गेले, तर त्यांत काही मोटारी हटकून अशा आढळतात की, त्यांचे सर्व अंग धुतलेले, पुसलेले व चकचकीत असते; परंतु पुढचे दोन दिवे मात्र पिवळट, पांढुरके आणि निस्तेज दिसतात. पाहणारास वाटते, मोटारीस मोतीबिंदू झाला आहे. ही उपमा बरी आहे. पण ती तितकीशी अचूक नाही. मोतीबिंदू डोळ्याच्या आत, भिंगातच होतो. मोटारीच्या दिव्याचा हा विकार वरच्या पृष्ठावर असतो. म्हणून बुबुळावर जे पांढरे फूल पडते, त्याच्याशी त्याचे साम्य अधिक. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. दोष वरवरचा आहे म्हणूनच तो घरच्या घरी दूर करता येतो. आणि तो का पडतो हे न समजता दूर केला, तर थोड्याच महिन्यांत परत येतो. या दोन्ही गोष्टींचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. तो आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम आम्हांस या विषयाकडे लक्ष देणे कसे भाग पडले, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात एक लग्न आटोपून आम्ही सहकुटुंब श्रीरामपूरहून राहुरीमार्गे अहिल्यानगरकडे परतत होतो. मोटार बारा वर्षांची, जुनी घेतलेली. दिवस उसाच्या गाळपाचे. रस्त्यावर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची रांग. अंधार पडून तासभर झाला होता. इतक्यात कुटुंबाने विचारले, “अहो, दिवे लावलेत ना?” दिवे लावलेले होते. आम्ही तसे सांगितले मात्र, तोच समोर उसाच्या कांड्यांची एक भिंत उभी राहिली. पायाखालचा ब्रेक होता नव्हता तेवढा दाबला, आणि मोटार त्या गाडीच्या मागे हातभर अंतरावर थांबली. गाडीला दिवा नव्हता. ऊसतोडीचे एक जोडपे ती हाकीत होते, आणि वर मोळ्यांवर घोंगडीत गुंडाळलेले एक लहान मूल निजले होते. गाडीवान खाली उतरला, रागावला नाही, आमच्या दिव्यांकडे पाहून एवढेच म्हणाला, “सायेब, आमी दिसलो न्हाय का?”

या प्रश्नास त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. गाडीला दिवा असता तर बरे झाले असते, हे खरे. पण ज्याच्यापाशी दिवा आहे, त्यानेच पाहिले पाहिजे. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी उजेडात दिवे नीट न्याहाळले, तेव्हा त्यांची अवस्था प्रथमच आमच्या ध्यानात आली. रोज थोडीथोडी कमी होणारी गोष्ट डोळ्यास कळत नाही. दिवा एका रात्रीत विझला तर मनुष्य धावाधाव करतो. तो पाच-सहा वर्षांत मंद झाला तर त्यास वाटते, रात्रच अधिक काळोखी आहे.

आता या दिव्याची रचना पाहू. दिव्याच्या पुढील आवरणास आपण सवयीने ‘काच’ म्हणतो. पण हल्लीच्या मोटारींत ती काच नव्हेच. पूर्वी ती खरोखर काचेची असे. अँबॅसडर व पद्मिनी या मोटारींचे गोल दिवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ठाऊक आहे की, मोटार गंजून गेली तरी दिव्याची काच स्वच्छ राही. अमेरिकेत १९४० सालापासून सर्व मोटारींस एकाच मापाचे, बंद काचेचे गोल दिवे बसवू लागले आणि तो नियम अनेक वर्षे चालला. पुढे १९८३ साली तेथे नियम बदलले, आणि १९८४ सालच्या लिंकन मार्क सेव्हन या मोटारीस प्रथमच प्लॅस्टिकच्या आवरणाचे, मोटारीच्या आकारास जुळणारे दिवे लागले. युरोपात ही पद्धत १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. हल्ली आपल्याकडील बहुतेक मोटारींचे दिवे याच जातीचे असतात.

या प्लॅस्टिकचे नाव पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे डॅनियल फॉक्स या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. ते काचेच्या निम्म्याहून हलके असून वाटेल त्या आकारात ओतता येते. आणि रस्त्यावरचा खडा उडून बसला तर काच फुटते, पण हे फुटत नाही. इतके गुण असता त्यात दोन दोष आहेत. एक, त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने त्यावर लवकर ओरखडे पडतात. आणि दुसरा, त्यास ऊन सोसत नाही.

सूर्यप्रकाशात डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात. पॉलिकार्बोनेट ते शोषून घेते, आणि त्या किरणांच्या शक्तीने त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या ठिकठिकाणी तुटतात. तुटलेले भाग हवेतील प्राणवायूशी संयोग पावून किंवा आपसांत नव्या रीतीने जुळून जे पदार्थ बनतात, ते प्रकाशातील निळा भाग गिळतात. म्हणून बाकी राहिलेला प्रकाश पिवळा दिसतो. पुढे पृष्ठभाग ठिसूळ होऊन त्यात अतिसूक्ष्म चिरा पडतात, आणि पिवळेपणात पांढुरकेपणाची भर पडते.

हा दोष कारखानदारांस ठाऊक नसतो, असे नाही. म्हणून नव्या दिव्यावर ते पारदर्शक कठीण लेपाची एक पातळ त्वचा चढवितात. अतिनील किरण अडवावयाचे व ओरखडे पडू द्यावयाचे नाहीत, ही दोन कामे त्या त्वचेची. ऊन, धूळ, वाळूचे कण व कोरड्या फडक्याने पुसण्याची आपली सवय यांमुळे ती वर्षानुवर्षे झिजते, आणि शेवटी ठिकठिकाणी पापुद्र्यांप्रमाणे सुटू लागते. त्या दिवसापासून खालचे पॉलिकार्बोनेट उघडे पडते. याचा पुरावा प्रत्येक मोटारीवरच आहे. तिचे मागचे तांबडे दिवे पाहा. तेही तितकेच ऊन खातात, पण सहसा पांढुरके होत नाहीत. कारण ते बहुधा ॲक्रिलिक नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकचे असतात. ॲक्रिलिक ऊन चांगले सोसते. पण ते ठिसूळ असल्याने खड्यांचा मार खाण्यास पुढच्या बाजूला उपयोगी नाही.

येथे आमच्या मुलांनी ध्यानात धरावी अशी एक सुदैवाची गोष्ट आहे. पॉलिकार्बोनेट अतिनील किरण इतक्या जोराने शोषते की, ते किरण फार खोल शिरतच नाहीत. त्यामुळे सर्व नासाडी वरच्या, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ अशा थरात होते, आणि खालचा भाग नव्यासारखा राहतो. तो नासका थर घासून काढता येतो. सर्व उपाय या एका गोष्टीवर उभा आहे.

दोष खरोखर बाहेरचाच आहे की नाही, हे पाहण्याची परीक्षा अगदी सोपी आहे. दिव्यावर तांब्याभर पाणी ओतावे. ओला असेपर्यंत दिवा स्वच्छ दिसू लागला आणि वाळताच पुन्हा पांढुरका झाला, तर दोष बाहेरचा समजावा. असे का होते? खरखरीत पृष्ठभागावरील प्रत्येक खाचेत हवा असते. हवेतून प्लॅस्टिकमध्ये किंवा प्लॅस्टिकमधून हवेत जाताना प्रकाश बराच वाकतो, आणि अगणित खाचा त्यास अगणित दिशांना वाकवितात. यालाच प्रकाश विखुरणे म्हणतात. खाचांत पाणी भरले की हा फरक पुष्कळ कमी होतो. कारण हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३ आणि पॉलिकार्बोनेटचा सुमारे १.५८ आहे. घासलेल्या काचेवर पाण्याचा थेंब टाकला असता तेथे खिडकी उघडल्यासारखे दिसते, तोच हा प्रयोग. पाणी ओतूनही दिवा आतून धुरकट दिसला, आतल्या बाजूस दव धरलेले असले, चिरा खोल असल्या, किंवा आतील आरसा काळा पडला असला, तर बाहेरून घासण्याचा श्रम व्यर्थ आहे. दिवाच बदलावा लागतो.

विखुरलेल्या प्रकाशाने दुहेरी अनर्थ होतो. रस्त्यावर पडावयाचा प्रकाश कमी होतो, आणि वर उधळलेला प्रकाश समोरून येणाराच्या डोळ्यांवर पडतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारवाल्यांच्या संस्थेने २०१८ साली केलेल्या तपासणीत असे आढळले की, अशा पिवळ्या, धुरकट दिव्यांतून नव्या दिव्याच्या मानाने केवळ २० टक्के प्रकाश बाहेर पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोरचे मनुष्य एक सेकंद उशिरा दिसणे याचा अर्थ काय, हे या दोन आकड्यांवरून वाचकांनीच ताडावे. यावर पुष्कळ लोक जो उपाय करतात तो भलताच असतो. ते ६०/५५ वॅटचा दिवा काढून त्या जागी १००/९० वॅटचा बसवितात. त्याने तारा व आतील भाग अधिक तापतात, आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणारी झळाळी मात्र वाढते. डोळ्यावर फूल आले असता घरात मोठी बत्ती लावण्यासारखेच हे होय!

आम्ही स्वतः प्रथम जी चूक केली, तीही लपवीत नाही. त्या डिसेंबरातच एका कारागिराने रस्त्याच्या कडेला बसून, फिरत्या फडक्याने व मलमाने घासून, अर्ध्या तासात आमचे दिवे लखलखीत करून दिले. आम्ही संतुष्ट झालो. पण उन्हाळा गेला न गेला, तोच दिवे पुन्हा पिवळे पडले, आणि आता ते पूर्वीहून लवकर बिघडले. कारण उघड आहे. त्या कारागिराने उरलीसुरली त्वचाही घासून काढली, आणि खालचे उघडे अंग उन्हात तसेच सोडले. दात घासण्याच्या पेस्टने दिवे उजळतात, अशी पुष्कळांची समजूत आहे; ती खोटी नाही, कारण त्या पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. पण तिची गतही हीच. डास पळविण्याचे औषध चोळून दिवे उजळण्याची युक्ती काही लोक सांगतात. ती तर घातक आहे. तशा पुष्कळ औषधांतील द्रव्य प्लॅस्टिकला विरघळविते, म्हणून क्षणभर ते गुळगुळीत दिसते इतकेच. थिनर, ॲसिटोन व पेट्रोल यांचा तर स्पर्शही होऊ देऊ नये. त्यांनी जाळीदार चिरा पडतात व त्या कधीही भरून निघत नाहीत. तात्पर्य, दिवा उजळणे हे अर्धे काम आहे. त्याची गेलेली त्वचा परत देणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक महत्त्वाचे.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर, आम्ही एका शनिवारी हे काम पुन्हा हाती घेतले. इयत्ता नववीची चार मुले मदतीस होती. सामान असे : मास्किंग टेप, ६००, १०००, १५०० व २००० नंबरचे वॉटर पेपर, बादलीभर पाणी व थोडा शाम्पू, रबिंग कंपाउंड, स्वच्छ सुती फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दिव्यांसाठी विकत मिळणारा, अतिनील किरण अडविणारा पारदर्शक लेप. लेपाखेरीज बाकीचे सर्व रंगाच्या दुकानात अथवा औषधाच्या दुकानात सहज मिळते. लेप मात्र मोटारीच्या सामानाच्या दुकानात मागावा लागतो.

मोटार सावलीत उभी करावी. दिवे थंड व बंद असावेत. प्रथम शाम्पूच्या पाण्याने दिवे धुऊन चिखलाचा कणही राहू देऊ नये. कारण वाळूचा एक कण वॉटर पेपरखाली सापडला तर तो नवीन ओरखडा पाडतो. मग दिव्याच्या सभोवार रंगावर टेपचे दोन पदर चिकटवावे. वॉटर पेपर थोडा वेळ पाण्यात भिजवून घ्यावा. कोरडा मुळीच घासू नये. घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होते व पुडीचे गोळे बनून ओरखडे पडतात.

त्वचा पापुद्र्यांनी सुटत असेल तर ६०० नंबरापासून आरंभ करावा. केवळ पिवळेपणा असेल तर १००० पासून केला तरी चालेल. हात आडवा, सरळ रेषेत व बेताच्या दाबाने चालवावा आणि वरचेवर पाणी टाकीत राहावे. आरंभी ओघळणारे पाणी पिवळट असते. ते निव्वळ पांढरे येऊ लागले, आणि जुन्या त्वचेचा एकही डाग न उरता सर्व दिवा सारखा धुरकट दिसू लागला, म्हणजे पहिला नंबर पुरा झाला. या वेळी आमच्यापैकी एक मुलगा घाबरून म्हणाला, “सर, दिवा तर आणखीच पांढरा झाला!” आम्ही त्यास तांब्याभर पाणी ओतावयास सांगितले, तत्क्षणी दिवा आतपर्यंत स्वच्छ दिसला, आणि जे वक्रीभवन वर्गात तीन तास शिकवून त्यास समजले नव्हते, ते एका तांब्यात समजले.

यानंतर १००० नंबरचा कागद पहिल्या दिशेशी काटकोन करून, म्हणजे उभा चालवावा. दिशा बदलण्याचे कारण असे की, आधीच्या नंबरच्या रेघा नव्या रेघांना छेद देऊन जातात, आणि त्या सर्व पुसल्या गेल्या की नाहीत हे डोळ्यांस कळते. असेच १५०० व २००० नंबरने करावे. प्रत्येक नंबरास आम्हांस दहाएक मिनिटे लागली. घाई करून मधला नंबर गाळू नये. ६०० च्या रेघा २००० चा कागद काढू शकत नाही. शेवटी रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन लहान वर्तुळे काढीत घोटावे. काही लेपांपूर्वी घोटाई करू नये, असे त्यांच्या डब्यावर छापलेले असते. तेथे डब्याचे म्हणणे ऐकावे.

आता मुख्य कार्य. दिवा धुऊन पूर्ण वाळवावा आणि अल्कोहोलच्या फडक्याने पुसावा. कारण कंपाउंडचा तेलकट अंश राहिला तर लेप धरत नाही. मग लेप स्वच्छ फडक्यावर घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच सलग हाताने लावावा, पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर किंचित चढवावा, आणि लावलेल्या जागी पुन्हा हात फिरवू नये. वारा व धूळ नसलेली जागा निवडावी. काही लेप हवेने वाळतात, तर काहींस लावल्यावर उन्हात ठेवावे लागते. ज्या किरणांनी दिवा नासला, त्याच किरणांनी नवी त्वचा कठीण होते, ही निसर्गाची गंमत पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत दिव्यास पाणी लागू देऊ नये. फवाऱ्याच्या डब्यात मिळणारे दुहेरी लेप अधिक टिकतात. पण त्यांतील कठीण करणारे द्रव्य श्वासाबरोबर फुप्फुसांत गेल्यास फार अपायकारक असते. ते काम साध्या रुमालाने तोंड बांधून घरी करू नये. रंगाच्या कारखान्यातच करवून घ्यावे. आणि लेप मुळीच मिळाला नाही, तर मोटारीचे मेण तरी लावावे व ते दर एक-दोन महिन्यांनी न चुकता परत लावावे. मेण ही त्वचा नव्हे, छत्री आहे. पण उघड्या डोक्यापेक्षा छत्री बरी.

हे सर्व करून दिवा नव्यासारखा होतो काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, पूर्णपणे होत नाही. वर सांगितलेल्या तपासणीतच असे दिसून आले की, याप्रमाणे दुरुस्त केलेला दिवा मूळच्या सुमारे ७० टक्के प्रकाश देतो. ज्यांस ऐपत आहे व ज्यांचा रात्रीचा प्रवास फार आहे, त्यांनी दिवाच नवा घेणे उत्तम. पण २० टक्क्यांचे ७० टक्के होणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि तीही अर्धा दिवस श्रम व थोडक्या खर्चात. काम झाल्यावर संध्याकाळी सपाट जागी मोटार भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिव्यांचा झोत तपासावा. खालचा झोत भिंतीवर सारख्या उंचीवर व बेताने खाली पडला पाहिजे. तो वर चढत असेल तर मिस्त्रीकडून नीट करून घ्यावा; नाही तर आपले डोळे उघडण्याच्या भरात आपण दुसऱ्याचे दिपवू. यापुढे दिवे कोरड्या फडक्याने कधी पुसू नयेत, आणि शक्य तो मोटार तोंड सावलीकडे करून उभी करावी. आमच्या दिव्यांवरील लेप दोन पावसाळे टिकला. तिसऱ्या वर्षी आम्ही तो नव्याने दिला.

त्याच वर्षी गाळपाच्या दिवसांत आम्ही पुन्हा राहुरीच्या रस्त्याने रात्री आलो. उसाच्या गाड्या पूर्वीप्रमाणेच बिनदिव्याच्या होत्या. पण या खेपेस पुष्कळ लांबून प्रथम चाके दिसली, मग मोळ्या, आणि मग मोळ्यांवर बसलेली माणसे. आम्ही वेग कमी करून बाजूने निघून गेलो. कोणी कोणास काही विचारले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी मोटार नसेल. पण वडिलांची मोटारसायकल असेल, शेजाऱ्याची रिक्षा असेल, मामाचा टेम्पो असेल. या सुट्टीत एका संध्याकाळी तांब्याभर पाणी घेऊन त्यांच्या दिव्यावर ओता आणि काय दिसते ते पाहा. फूल दिसले, तर ते काढण्याची रीत आता तुम्हांस ठाऊक आहे. दिव्याच्या मागे बसलेला मनुष्य तुमचे आभार मानील. पण त्याहून अधिक उपकार ज्याच्यावर होतील, तो अंधारात पुढे चालत असेल, आणि त्यास ते कधी कळणारही नाही.